चार बोटं उघडी खिडकी

मी एक जुनी कोळशाची शेगडी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी किती जणांनी माझ्यासारखी शेगडी पाहिली असेल कोण जाणे, आणि पाहिली असली तरी अडगळीतच. माझा एक पाय मोडलेला आहे, त्याखाली विटेचा तुकडा सारला आहे. जाळी दोनदा बदलली. काठाचा पत्रा इतका झिजला आहे की बोट लावाल तर कापेल. तरीही मला भंगार म्हणू नका. आमच्या गल्लीतून सायकलवर फिरणारा भंगारवाला दर महिन्याला माझ्याकडे बघून मनातल्या मनात माझं वजन करतो, तेव्हा मी आतल्या आत धुमसते. स्वभावच माझा जरा तापट, काय करणार!

माझा जन्म १९९२ साली नाशिकच्या भद्रकालीजवळ, पुंजाराम पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. मनमाडहून आलेल्या रेल्वेच्या भंगारातला जाड पत्रा त्याने माझ्यासाठी निवडला. पुंजाराम बोलायला गोड होता, पण त्याचा हातोडा मात्र फार कडक. त्याने मला ठोकून ठोकून गोल केलं, मधे जाळी बसवली आणि खाली राख काढायला एक छोटं दार ठेवलं. भिमाबाई मला विकत घ्यायला आली तेव्हा तो म्हणाला, "बाई, तुमच्या नातवंडाला शेक द्यायला पण हीच शेगडी पुरंल. फक्त हिला वारा लागतो. खालचं दार कधी बुजू देऊ नका."

भिमाबाई हसली होती. तिची मुलगी राखी तेव्हा पाचवीत होती, नातवंडं कुठली! वाऱ्याचं बोलणं तिने कानाआड केलं. मलाही ते तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही.

भिमाबाई मूळची सायखेड्याची. तिचा नवरा काळू लाकडाच्या वखारीत हमाली करायचा. नाशिकातलं त्यांचं घर दोन खोल्यांचं, विटांच्या भिंतींचं आणि वर कौलं. हिवाळ्यात त्या कौलांतून असा वारा यायचा की भिमाबाई रोज सकाळी एकदा तरी कौलांना शिव्या घालायची. काळू वखारीतून लाकडाचे तुकडे आणायचा, मालक त्याला कधी अडवत नसे. त्या तुकड्यांवर आणि थोड्या कोळशावर मी पेटायचे. बाजरीची भाकरी माझ्यावर फुगायची, वांगं भाजलं जायचं, राखीचा शाळेचा ओला ड्रेस माझ्याशेजारी वाळायचा. संध्याकाळी तिघांचे सहा पाय माझ्याभोवती गोळा व्हायचे. राखी मुद्दाम तिचे गार तळवे वडिलांच्या पोटरीला लावायची आणि काळू ओरडायचा, "ए पोरी, जीव घेती का आता?" त्या वर्षांत मला वाटायचं, हे घर माझ्याच जिवावर चाललं आहे. गर्व होता मला, खोटं कशाला सांगू.

पुढे दिवस पालटले. वखारीतले तुकडे आणि भुसा विकत न्यायला गाड्या येऊ लागल्या, त्यामुळे फुकटचं जळण बंद झालं. रेशनचं रॉकेल कमी झालं आणि त्याची रांग मात्र लांबली. कोळसा महागला. मग काळूने अडीअडचणीला साठवलेल्या पैशांतून गॅस घेतला, आणि दोन हजार साली घराची कौलं उतरवून वर सिमेंटचा स्लॅब टाकला. खिडक्यांना काचेची तावदानं आली. काळू चार वेळा रस्त्यावर जाऊन स्वतःच्या घराकडे बघून आला. "आता एक टिपूस नाय का वारा नाय," तो म्हणाला. सगळे खूश होते. मी मात्र मोरीमागे पालथी पडले. माझ्यात एका पालीने अंडी घातली.

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते सांगताना मला अजूनही चैन पडत नाही.

दुसऱ्याच वर्षी जानेवारीत राखी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ महिनाभर आधीच झालं. मुलगी झाली, तिचं नाव ठेवलं रोशनी. वजन दोन किलोसुद्धा भरलं नाही. घरी सोडताना दवाखान्यातल्या सिस्टर भिमाबाईला म्हणाल्या, "आजी, हिला गार पडू देऊ नका. हिच्या अंगात स्वतःची ऊब धरायला चरबीच नाही. ऊब तुटली तर हातची जाईल."

आणि त्या वर्षीची थंडी म्हणजे काय! निफाडकडे द्राक्षांच्या बागांत लोक पहाटे शेकोट्या पेटवत होते. सिमेंटच्या भिंती रात्रभर गारठून दुपारपर्यंत तशाच राहायच्या. राखीच्या नवऱ्याने, वाल्मीकने, कुठून तरी विजेचा हीटर आणला. काळू मीटरसमोर उभा राहून ती चकती गरगर फिरताना बघायचा आणि त्याचा चेहरा उतरायचा. त्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. गॅस जाळून खोली तापवावी तर सिलिंडर पंधरा दिवसांत संपणार. बाळाचे पाय मात्र गारच. भिमाबाई दर थोड्या वेळाने ते मुठीत धरून बघायची आणि पुन्हा झाकायची.

मग तिला माझी आठवण झाली. पालीची अंडी झटकून, राखेने घासून तिने मला चकचकीत केलं. बाळंतिणीला शेकशेगडी द्यायची, हा तिच्या घरचा जुना रिवाज. सकाळी तेल लावून आंघोळ झाली की बाळ-बाळंतिणीला बाजेवर निजवायचं, खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची आणि निखाऱ्यांवर ओवा, शेपा टाकायच्या. भिमाबाईच्या आईने तिला असाच शेक दिला होता. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पुंजारामचे शब्द खरे होत होते. पहिले तीन दिवस बाळाचे पाय गुलाबी झाले. भिमाबाईने माझ्यावरून हात फिरवला, चटका बसला तरी.

चौथ्या दिवशी थंडी आणखी वाढली. काळूला राहवेना. कामावर जाण्याआधी त्याने खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या, वरच्या झडपेवर प्लॅस्टिकचा कागद ठोकला आणि दाराच्या उंबऱ्याशी गोणपाट लावलं. त्याने हे सगळं किती मायेने केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. "माझ्या नातीची ऊब बाहेर जायला नको," असं तो स्वतःशीच म्हणत होता.

नेहमी न्हाऊ घालायला येणारी अंबूबाई बाळाला न्हाऊ घालून गेली. भिमाबाईने निखारे फुलवून मला बाजेखाली सरकवलं, ओवा टाकला, दार ओढून घेतलं आणि बाळंतिणीचे कपडे धुवायला नळावर गेली.

थोड्याच वेळात मला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. माझे निखारे लाल राहिनात. त्यांच्यावर राखेची साय धरू लागली. मला वारा पुरत नव्हता. या घराच्या जुन्या कौलांत फटीच फटी होत्या. मी सोडलेली खराब हवा तिथून निघून जायची आणि ताजी यायची. ज्या कौलांना शिव्या पडल्या, त्यांनीच इतकी वर्षं सगळ्यांना सांभाळलं होतं. इथे मात्र माझा खराब श्वास खोलीतच साचत होता. त्याला रंग नाही, वास नाही. वास येत होता तो फक्त ओव्याचा, छान, खमंग. राखी एकदा कुशीवर वळली. "आई, डोकं जड झालंय," असं ती पुटपुटली. मग बोलली नाही. मला ओरडायचं होतं. पण शेगडीला कुठला आवाज? मला विझताही येईना.

बाहेर नळावर अंबूबाई परत आली. मिसरीची डबी ती इथेच विसरली होती.

"भिमाबाई, पोर रडली का दुधाला?" तिने विचारलं.

"नाय अजून. ऊब लागली, गाढ झोपली आसंल."

"आगं, एवढुसं पोर घंटाभर गप राहतं का? मी गेल्यापासनं आवाज नाय?"

भिमाबाईच्या हातातला कपडा तसाच राहिला. दोघी धावल्या. गोणपाटामुळे दार अडकलं होतं, अंबूबाईने खांदा लावून ते ढकललं. राखी हाकेला ओ देईना. अंबूबाईने बाळ उचललं, तर त्याची मान लुळी पडली. तिने तशीच उन्हात धाव घेतली. भिमाबाईने हातातला ओला कपडा मुठीला गुंडाळून खिडकीची काच फोडली, राखीच्या काखेत हात घालून तिला ओढत उंबऱ्याबाहेर आणलं. अंगणात अंबूबाई बाळाच्या तळव्यांना टिचक्या मारत होती, पाठ चोळत होती आणि "रड गं माझे बाय, रड," असं एकसारखं म्हणत होती.

किती वेळ गेला मला माहीत नाही. मग एक बारीक आवाज आला. मांजराच्या पिल्लासारखा. असं रडणं मी जन्मात कधी इतक्या आवडीने ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. दोन दिवसांनी त्या धोक्याबाहेर आल्या. पण मी त्या घरची वैरीण ठरले. काळूने मला लाथ मारून अंगणात उडवलं, त्यातच माझा पाय मोडला. मला राग आला नाही. लाथ मारून तो तिथेच खाली बसला आणि तोंड झाकून रडू लागला. कारण दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, "कोळसा बंद खोलीत पेटवला की विषारी वायू साठतो. खिडकी बंद कोणी केली?" आणि तो म्हणाला होता, "म्या केली साहेब. म्याच."

पण मित्रांनो, प्रश्न होता तिथेच होता. शेगडी गेली, हीटर परवडत नाही, आणि बाळाला ऊब तर हवीच. तेव्हा त्याच सिस्टरांनी घरी येऊन एक गोष्ट शिकवली. बाळाला टोपी-मोजे घालायचे, बाकी अंग उघडं ठेवून आईच्या उघड्या छातीशी उभं धरायचं आणि वरून पांघरूण घ्यायचं. माणसाच्या अंगाची ऊब सगळ्यात चांगली. आई थकली तर घरातलं दुसरं कोणीही धरू शकतं.

"आजोबा धरू शकतील का?" राखीने विचारलं.

काळू मागे सरकला. "नको पोरी. माझा हात नको लागायला तिला."

"बाबा, सदरा काढा," राखी म्हणाली. एवढंच.

काळूने सदरा काढला. ओंडके वाहून घट्टे पडलेल्या खांद्याखाली, त्याच्या छातीवर, सिस्टरांनी ती दोन किलोची पोर ठेवली. भिमाबाईने वरून गोधडी गुंडाळली. तो श्वास घ्यायलाही घाबरत होता. दुपार उलटेपर्यंत तो हलला नाही. भिमाबाईने गोधडीत हात घालून बाळाचे पाय चाचपले आणि म्हणाली, "अवं, गरम हायेत." त्या दिवसापासून वखारीतून आला की अंघोळ करून तो आपल्या पाळीला बसायचा. महिनाभर.

माझंही नशीब पुरतं फुटलं नव्हतं. अंबूबाईने मला उचललं, मोडक्या पायाखाली वीट सारली आणि भिमाबाईला म्हणाली, "आगं, हिचा काय दोष? हिची जागा अंगणात." मग मी उघड्यावर पेटू लागले. माझ्यावर विटा तापवायच्या, जाड फडक्यात गुंडाळायच्या आणि बाळापासून दूर, बाजेखाली नेऊन ठेवायच्या. ऊब आत जायची, माझा श्वास बाहेर राहायचा. थोडक्या कोळशात आंघोळीचं पाणीही तापायचं. फुटलेल्या काचेच्या जागी नवी काच बसली, पण काळूने ती खिडकी पुन्हा कधी पुरती लावली नाही. चार बोटं मोजून उघडी ठेवायची, असा घरचा नियमच झाला.

राखी आणि वाल्मीक पुढे दोन गल्ल्या सोडून खोली घेऊन राहिले. रोशनी धडधाकट झाली, शाळेत जाऊ लागली. २००९ च्या डिसेंबरात ती आठ वर्षांची होती. काळूची हमाली तोवर सुटली होती, छातीत कफ भरलेला असायचा आणि अंगात थंडी भरली की त्याचे दात वाजायचे. विजेचं बिल बघून भिमाबाई अजूनही कपाळाला हात लावायची. एका सकाळी काळू इतका कुडकुडला की स्वतःच म्हणाला, "शेगडी आत आण. आन ती खिडकी लाव. माझ्याच्यानं सोसत नाय."

भिमाबाई उठली. पण सकाळीच आजोळी आलेली रोशनी दारात आडवी उभी राहिली.

"आजी, शेगडी आत येणार नाही. आजोबांनीच सांगितलंय मला."

ती माझ्याजवळ आली. दोन विटा तापेपर्यंत माझ्याशेजारी उकिडवी बसली. त्या फडक्यात गुंडाळून तिने आजोबांच्या पायांपासून थोड्या अंतरावर ठेवल्या. मग खिडकीपाशी जाऊन फटीत चार बोटं घालून पाहिली. मग चपला काढल्या, गोधडी उचलली आणि आजोबांच्या छातीला पाठ लावून आत शिरली.

"सरका जरा," ती म्हणाली. "आता माझी पाळी."

काळूने गोधडीची कड तिच्या खांद्यावरून ओढून घेतली. थोड्या वेळाने त्याचे दात वाजायचे थांबले.

मित्रांनो, मी शिकलेली नाही, पण एवढं तुम्हाला हात जोडून मागते. जळण महाग झालं म्हणून घरात मला पेटवून दारं-खिडक्या बंद करू नका. मला अंगणात ठेवा, मी तिथूनही तुमच्या उपयोगी पडेन. घरात कोणी अगदी लहान असेल, कोणी म्हातारं असेल, तर त्यांच्या पायांना रोज हात लावून बघा. गार लागले तर त्यांच्या गोधडीत शिरा. आणि शिरण्याआधी खिडकीत चार बोटं घालून बघायला विसरू नका.