माझ्यामागे पळू नका

मी एक जुनी उसाची ट्रॉली आहे. बिद्रीच्या साखर कारखान्याच्या रस्त्याने ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत जातो ना, त्यातली मागची. शिरोलीच्या एका शेडमध्ये ठिणग्यांच्या पावसात माझा जन्म झाला. तेव्हा मी झेंडूसारखी पिवळीधमक होते. माझ्या मालकांनी, गुंडूतात्यांनी, मला हार घातला, नारळ फोडला. आता रंग उडालाय, फळ्या करकरतात.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगते. मला ब्रेक नाही. ओढतील तशी मी जाते. तात्यांच्या ट्रॅक्टरवर गाणी एवढ्या मोठ्याने वाजतात, की मागचं ओरडणं तिथवर पोचतच नाही.

आमच्याकडची मुलं पळायला शिकतात ती माझ्याच मागे. चढाला ट्रॅक्टर मंदावला, की शाळेतून घरी निघालेली पोरं धावत येतात, लोंबणारा ऊस धरतात आणि ओढतात. सहावीतली अनुजा सगळ्यांत चपळ. धाकट्या बहिणीला ती ओरडायची, "मोने, पळ की! म्हस हाईस काय?"

त्या दिवशी अनुजाने ऊस ओढला आणि अख्खी मोळीच सुटली. तिच्या धक्क्याने मोना खाली पडली. तेवढ्यात तात्यांनी गिअर बदलला आणि मी मागे घसरले. हातभरच, पण घसरले. मला थांबायचं होतं, मित्रांनो. फार थांबायचं होतं. अनुजाने बहिणीची वेणी धरून तिला खेचलं. माझ्या चाकाखाली आलं ते मोनाचं दप्तर. आतला डबा कागदासारखा चपटा झाला. वर गाणं चालूच होतं.

मागून स्कूटरवर येणाऱ्या अफसानाबाईंनी हे पाहिलं. त्या शाळेत खेळ शिकवतात. दोघींना पोटाशी धरून त्या उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या मैदानाशेजारी कारखान्याच्या रांगेत, नंबरात उभी होते.

"पळायची हौस हाय न्हवं? मग हितं पळा," बाई म्हणाल्या.

"पर बाई, पुढं ऊसच न्हाय. मग पळायचं कशाला?"

अनुजाच्या या प्रश्नावर सगळी हसली. बाईसुद्धा. त्यांनी नाड्या घट्ट बांधायला लावल्या, आधी एक फेरी चालवली, मग हळू पळवत गायला लावलं:

*पाय माझं पाय, घाई नगं माय,*
*दम जरा खाय, मग म्होरं जाय.*

"गाणं तुटलं की चालायचं. कळलं न्हवं?"

मोना मात्र कडेला बसून माझ्या चाकांकडे बघत राहिली. आठवड्याने तिनेही अनुजाचा हात धरून एक फेरी मारली. गात गात. त्या गावात आता माझ्यामागे कुणी येत नाही.

पण मित्रांनो, हा रस्ता एका गावाचा नाही. आत्ता पुढच्या गावचा चढ लागलाय. ट्रॅक्टर मंदावतोय. माझ्यामागे कुणीतरी पळू लागलंय. पावलं हलकी आहेत, अगदी लहान.

बाळा, ऊस सोड. बाजूला हो. मला थांबता येत नाही रे.