सतरावी गाडी

माझ्या मुलीची गाडी चारशे मीटर जायला तेरा सेकंद घेते. तेवढ्यासाठी आम्ही आठ तास प्रवास करतो. हे मी तिला कितीदा तरी ऐकवलंय, आणि दर वेळी ती म्हणते, "आई, साडेबारा." जणू माझी तक्रार त्या अर्ध्या सेकंदाबद्दल होती.

मी शाळेची बस चालवते. आठवडाभर चाळीस पोरं घेऊन मुंगीच्या पावलांनी जायचं, आणि सुट्टी आली की पिकअपला ट्रेलर, ट्रेलरवर तिची शर्यतीची गाडी, असं लटांबर ओढत परक्या गावी. ट्रेलर ओढायचं लायसन्स घरात माझ्याकडेच, त्यामुळे सुटका नाही. तुझं लायसन्स काढ म्हटलं तर तिला वेळ नाही. टायरच्या दुकानातल्या कामावरून आली की ती गाडीखाली शिरते, आणि जेवायला हाक मारली की नुसते पाय हलतात.

या वेळी तर कहर झाला. तिच्या गटात सोळाच गाड्या घेणार होते. फोनवरून नाव नोंदवायचं, नोंदणी सकाळी नऊला सुरू. आता शहाण्या माणसाने हात धुऊन फोन समोर धरून बसावं की नाही? ही बाई गिअरबॉक्स उघडून बसली. नऊ वाजले, फोन घेतला, आणि तेलाने माखलेलं बोट फोन काही ओळखेना. बोट शर्टाला पुसावं तर शर्ट बोटाहून तेलकट. मला हाक मारेपर्यंत सोळा नावं भरली होती. हिचा नंबर सतरावा, म्हणजे वेटिंगवर पहिला.

त्या वेटिंगचा नियमही डोकं फिरवणारा. घरी बसून वाट बघायची सोय नाही. गाडी घेऊन ट्रॅकच्या फाटकाशी हजर राहायचं. दुपारी बाराला फाटक बंद; तोवर सोळांतलं कुणी आलं नाही, तरच सतराव्याला आत घेणार. म्हणजे आठ तास गाडी हाकायची, तीही वाटेत दुसऱ्या कुणाची तरी बंद पडेल या आशेवर.

"आणि सगळे आले तर?" मी विचारलं.

"तर परत यायचं."

"छान. डिझेल काय नळाला येतं आपल्याकडे."

तरी मी निघाले. त्या गाडीचं इंजिन तिने पहिल्यांदाच एकटीने बांधलं होतं, आणि हंगामातली ही शेवटची शर्यत होती. ही हुकली तर ते इंजिन पुढच्या हंगामापर्यंत ताडपत्रीखाली. तिने मला यातलं काही बोलून दाखवलं नव्हतं. पण इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा तिचा चेहरा मी बघितला होता, आणि तो चेहरा बघितल्यावर कुठली आई नाही म्हणेल?

ट्रॅक तासाभरावर राहिला असताना रस्त्याच्या कडेला एक ट्रेलर तिरका उभा दिसला. एका चाकातून धूर येत होता. वर पोपटी रंगाची गाडी. असला रंग या शर्यतवाल्यांत एकाच माणसाने गाडीला फासलाय, म्हणून सगळे त्यांना पोपटकाका म्हणतात. पोपटकाकांचं नाव सोळांत होतं.

शेजारी लेक एकदम ताठ झाली. तिने ट्रेलरकडे बघितलं, मग सरळ समोर बघितलं आणि हळूच म्हणाली, "चल पुढे, आई."

मला तिचा राग नाही आला. पुढे जावं असं मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पोपटकाका दोन्ही हात वर करून रस्त्याकडे धावत आले होते, आणि इतकी वर्षं बस चालवल्यावर असा माणूस दिसला की पाय ब्रेकवरच जातो. मी थांबले. उतरताना तिने दार दणकन लावलं.

काकांच्या ट्रेलरचं बेअरिंग जाम झालं होतं.

"जॅक कुठाय?" लेकीने विचारलं.

"घरी."

"घरी?"

"गाडी वजनाला जड भरत होती गं. म्हणून डिकीतलं सगळं काढून ठेवलं. जॅक, पाने, सगळं." मग ते माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाले, "सहा किलो कमी झाली, वहिनी!"

मी कपाळावर हात मारून घेतला. काढलेला जॅक ओढणाऱ्या गाडीत टाकावा एवढं ज्याला सुचत नाही, तो माणूस सेकंदाचे शंभर भाग करून आपला वेळ सांगतो. आणि यांच्या नादाने माझी लेक वाढतेय.

दोन्ही ट्रेलर एकाच वेल्डरने बनवलेले, त्यामुळे आमच्याकडचं जादा बेअरिंग त्यांना बसणार होतं. लेकीने जॅक लावला, चाक उतरवलं आणि हातोडीने जुनं बेअरिंग ठोकून काढायला लागली. ते घाव कुणावर पडतायत हे मला कळत होतं. थोडे काकांवर, बरेचसे माझ्यावर. हळूहळू घाव नीट पडायला लागले. तळहातावर ग्रीस घेऊन नवं बेअरिंग भरायला बसली, तेव्हा ती नेहमीसारखी झाली होती, जगाचा विसर पडलेली.

"तुझं नाव लागलंय ना गं?" काकांनी विचारलं. "मी यादी बघितलीच नाही."

मी कान टवकारले. काकांचा स्वभाव आम्हा दोघींना पक्का ठाऊक. ही सतरावी आहे एवढं कळलं असतं, तर त्यांनी तिथेच बसकण मारली असती आणि बारा वाजेपर्यंत जागचे हलले नसते. आम्हाला काही मागायचीसुद्धा गरज नव्हती. नुसतं खरं सांगायचं होतं. मी तोंड उघडलं. लेकीने मान वर करून माझ्याकडे अशी नजर टाकली की मी, जिला आजवर कुणी गप्प करू शकलेलं नाही, ती गप्प बसले.

"लागलंय की, काका," ती म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे. आम्ही आवरून येतोच."

आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा काका आत गेले होते. "सोळा पूर्ण," फाटकावरचा माणूस म्हणाला. "ट्रेलर प्रेक्षकांच्या पार्किंगला लावा." मी भांडले. एका गाडीने असं काय आभाळ कोसळणार आहे, सोळा हा आकडा काय दगडावर कोरलाय का, सगळं बोलले. त्याने शांतपणे सांगितलं की गाड्या जोडीजोडीने सुटतात, सतराव्या गाडीला जोडीदार कुठून आणू? हे मला पटलं, म्हणून मी आणखी चिडले.

शेवटी तिकीट काढून प्रेक्षकांत बसलो. पहिल्याच फेरीत पोपटकाका आले. दोन्ही गाड्या रेषेवर उभ्या राहिल्या, खांबावरचे पिवळे दिवे लागले, आणि हिरवा लागायच्या आत काका सुटले. लाल दिवा. बाद. घरी जा.

"अहो!" मी उभी राहून ओरडले. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. "याच्यासाठी? सहा किलो कमी केलेत ते याच्यासाठी?"

लेक डोकं गुडघ्यांत घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. हसतेय असं वाटून मलाही हसू फुटलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला. मी खाली बसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"इंजिन कुठे पळून चाललंय का?" मी म्हटलं. "पुढच्या हंगामात पळव. मी आणेन."

"ते नाही गं." ती मान वर करेना. "मी चल पुढे म्हणाले होते. ते काकांना सांगू नकोस."

सकाळपासून माझ्या मनात जेवढा वैताग साठला होता, तो त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे. एवढ्या मोठ्या पोरीला उचलून कडेवर घ्यावंसं वाटलं.

"कधी म्हणालीस?" मी विचारलं. "मला नाही बाई ऐकू आलं. त्या पिकअपच्या खडखडाटात माणसाला काय ऐकू येतंय? सायलेन्सर बघ म्हणून कधीची सांगतेय."

तिने माझ्याकडे बघितलं. मनगटाने डोळे पुसले, तसं ग्रीस गालभर पसरलं.

"बघते," ती म्हणाली.