रखमाजीचं प्रस्थान

टेंभुर्णीच्या रखमाजीला घाट उतरून जायचं होतं, आणि त्याची तयारी बघून त्याची बायको झुंबरबाई रोज कपाळ बडवून घेत होती.

त्यांची पोरगी नंदा घाटाखाली खानदेशात दिलेली. पहिलटकरीण, सातवा लागलेला. बाळंतपणाला तिला आणायची तर मिरगाच्या आत. पाऊस लागला की घाट बंद. पोटी पोरगा न्हाई, आणि बाईमाणसाबरोबर सासरचे धाडत नसतात, म्हणून बापानंच जायचं. जाताना पायी, येताना तिकडून लांबच्या रस्त्यानं बैलगाडी.

पण रखमाजी पडला सावध माणूस! त्यानं वहाणांना तेल पाजलं, काठीला घुंगरं बांधली. उन्हासाठी कांदे घेतले, विंचवासाठी मुळी, अस्वलासाठी टेंभा. जोशीबुवांकडून मुहूर्त काढला, आणि नेमकं निघताना कुणीतरी शिंकलं. मंग त्यानं सगळं गाठोडं शेजारच्या बद्रीनाथाच्या घरी प्रस्थान म्हणून नेऊन ठेवलं. मुहूर्तावर सामान दुसऱ्याच्या घरी गेलं की माणूस निघाल्यातच जमा. पाय मागाहून निघाले तरी चालतंय.

झालं, तेव्हापासून गडी प्रवासात. सरपण फोडायला सांगितलं तर म्हणायचा, "मी निघालोय, मला कशाला सांगतीस?" जेवायला मात्र बराबर घरी. दुपारी माजघरात घोरायलाही घरीच.

"अवं, कुठवर आलात?" झुंबरबाई भाकरी वाढताना विचारायची. "घाट लागला का?"

"तुला काय कळतंय? जल्दी केली की माणूस दरीत जातंय."

"माजघरातून कोण दरीत पडलंय आजवर?"

तोंडानं ती असं बोलायची, पण मिरगाला उरलेले दिस रोज बोटांवर मोजायची. तिचं स्वतःचं पहिलं मूल सासरी, जवळ माय नसताना गेलेलं. नंदाचं तसं होऊ नये, एवढंच तिला पाहिजे होतं.

मिरगाच्या आदल्या दिवशी नंदा अंगणात येऊन उभी राहिली. पाय सुजलेले, ओठ फुटलेले. बाजाराला निघालेल्या बायांचा हात धरून ती अख्खा घाट चढून आल्ती. झुंबरबाईनं तिला पायरीवर टेकवलं, पाणी पाजलं, पोटावर हात ठेवला. आतलं पोर हललं, तसा तिच्या जिवात जीव आला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"वाट बघून बघून निघाले, माय," नंदा म्हणाली. "आबा कुठं हायेत?"

माजघरातलं घोरणं एकदम बंद झालं. झुंबरबाईनं तिकडं बघितलंसुद्धा न्हाई.

"तुलाच आणायला गेलेत," ती म्हणाली. "निघून लई दिस झाले, बाई. अजून पोचले न्हाईत."