झाकण नसलेली हंडी

मी एक तीन पायांची बिडाची हंडी बोलतेय. आधीच सांगून टाकते, माझ्यामुळे एक खून झाला आहे. हात मला नाहीत, पण माझं झाकण त्या कामी आलं, आणि झाकण म्हणजे माझंच डोकं. गोडधोड ऐकायच्या तयारीनं बसला असाल तर आत्ताच उठा.

माझा जन्म ओतशाळेतला. उकळतं बीड वाळूच्या साच्यात ओतलं, थंड होण्याआधी साचा फोडला, आणि घणाच्या ठोक्यांनी माझ्या कडा झाडल्या. बोलणं कडक आहे ते तिथूनच आलेलं आहे. पुढे वर्षभर चिमानीमानी डोंगराच्या पायथ्याच्या एका दुकानात मी धूळ खात पडले होते. केतिना आली, लव्हाळ्याच्या तीन चटया दुकानदारापुढे टाकल्या आणि मला डोक्यावर घेऊन डोंगर चढली. चटया तिनं स्वतः विणलेल्या होत्या. आमच्याकडे बाईनं आपल्या हातांनी कमावलेलं भांडं तिचंच असतं. नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, सासरचा तर नाहीच. बाई गेली की भांडं तिच्या माहेरी जातं.

केतिनासारखी काटकसरी बाई मी पाहिली नाही. शनिवारी विसावा पाळणाऱ्या ख्रिस्ती मंडळीतली होती, त्यामुळे माझ्यात कधी मांस पडलं नाही. सकाळी साद्झा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा, त्याबरोबर शेंगदाण्याच्या कुटातली भोपळ्याची पानं. खरवड भिजवून संध्याकाळची पेज. भोपळ्याच्या बियासुद्धा भाजून ठेवायची. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवार मात्र माझा दिवस. आंबवलेली पेज घालून मळलेलं पीठ, त्यात माझांज्याचा पिवळा गर, खाली केळीचं पान. वर झाकण, झाकणावर निखारे, खाली निखारे. पाव फुगायला लागला की शेजारच्या बाया मीठ मागायच्या निमित्तानं यायच्या.

माझांजे रानातलं फळ, लावून येत नाही. हंगामात डोंगरभर पिकतं, आणि वेचायचं ते जमिनीवरूनच. झाडावर चढायचं नाही, फांदी हलवायची नाही, काठी मारायची नाही. पिकलं की ते आपणच खाली येतं. फळाला नावंसुद्धा ठेवायची नाहीत, नाहीतर रान रागावतं आणि माणसाला वाट सापडत नाही. इथली पोरं हे चालायला लागण्याआधी शिकतात. केतिना तर एकेक फळ हुंगून टोपलीत टाकायची.

तिचा नवरा झाकेयो मात्र खाणीच्या चाळीत वाढलेला. बापाच्या जमिनीवर राहायला आला तो लग्नानंतर. त्याला पिकलेलं-कच्चं कळत नव्हतं, पण हात उगारणं चांगलं कळत होतं. मीठ कमी पडलं म्हणून मारायचा, मीठ पुरेसं असलं तर तोंड वर करून बोलली म्हणून मारायचा. एकदा त्यानं तिचं मनगट माझ्या तापल्या कडेवर दाबून धरलं. मी थंड होऊ शकले नाही, याची लाज मला आजही वाटते. दुसऱ्या दिवशी केतिनानं शेजारणींना सांगितलं, "पाव काढताना भाजलं." त्याही "जपून गं" म्हणाल्या आणि मीठ घेऊन गेल्या.

तो शुक्रवार होता, उन्हं उतरायची होती. पाव अर्धा झाला होता. झाकेयो बकऱ्याची तंगडी घेऊन आला आणि चुलीजवळ आपटली.

"हे शिजव. या हंडीत."

"शिजवते की. त्या पत्र्याच्या डब्यात शिजवते. हिच्यात उद्याचा पाव आहे."

"दहा वर्षं पाला खाऊन माझी शेळी झालीय. कशात शिजवायचं ते मी सांगणार."

"बाकी सगळं तुमचं आहे हो," केतिना म्हणाली. "ही हंडी माझी आहे."

एवढंच बोलली. आवाजही चढवला नव्हता.

त्यानं आकडा घालून माझं झाकण उचललं. निखारे तिच्या पायांवर उडाले, ती ओरडून मागे सरली, आणि झाकणाची कड तिच्या कानशिलावर बसली. ती माझ्या अंगावर कोसळली. तरी त्यानं परत मारलं. दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती हो. पहिल्याच फटक्यात ती गेली होती, मला तिचं वजन कळत होतं.

मग त्याची पाचावर धारण बसली. झाकण संडासाच्या खड्ड्यात गेलं, पाव कोंबड्यांना. केतिनाला त्यानं परड्यामागच्या माझांज्याखाली ओढत नेलं. खोटं खरं वाटावं म्हणून झाड गदागदा हलवलं, फळं पाडली, टोपली भरून तिच्याजवळ ठेवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. टोपलीतलं एकूण एक फळ हिरवं होतं. "फळं काढायला झाडावर चढली आणि पडली," तो गावाला सांगत सुटला, आणि गाव रडायला बसलं. दुःखात टोपलीकडे कोण बघतं? आपटून डाग पडलेली ती फळं प्रेताबरोबर आणून ठेवली, तशीच दारात राहिली.

दोन दिवसांनी माहेरची माणसं आली. भाऊ योरामू आणि त्याची बायको प्रिस्का. तोवर झाकेयोच्या बहिणीनं, लोईसनं, मला चुलीवर चढवून माझ्यात बकरं रटरटत ठेवलं होतं, वर पत्र्याचा तुकडा. प्रिस्कानं पत्रा उचलला आणि तशीच उभी राहिली.

"वन्संच्या हंडीत मांस?"

"मेलेल्या माणसाला कसला विटाळ, बाई?" लोईस म्हणाली. "शंभर तोंडं जेवायचीत."

प्रेत अजून घरात होतं. घटकाभरात ते उचलणार होते, आणि खोटं तिच्याबरोबर मातीत जाणार होतं. खरं काय ते झाकेयोशिवाय मला एकटीलाच ठाऊक होतं. मी उकळत होते आणि माझ्या तोंडून वाफेशिवाय काही निघत नव्हतं.

आमच्याकडे मयताच्या घरी नणंदेची सोंगं काढायचा मान भावजयीचा. ती गेलेल्या माणसाची चाल करते, बोलणं करते, लोकांना रडता रडता हसवते. प्रेत निघेपर्यंत तिच्या शब्दाचा राग कुणी धरायचा नाही. प्रिस्कानं केतिनाचा रुमाल डोक्याला बांधला आणि अंगणात आली. आधी केतिनासारखी पाय ओढत चालली. मग हवेतलंच पीठ मळलं, बोट चाटलं, "आज कुणाकुणाला मीठ हवंय गं?" असं शेजारणींना विचारलं. बाया डोळे पुसत हसल्या.

"आता निखारे," ती म्हणाली. "अगं बाई, माझं झाकण कुठं गेलं?"

"हरवलं," झाकेयो म्हणाला.

"हरवलं तर हरवलं. चला, माझांजे वेचू." तिनं दारातली टोपली उचलली आणि कमरेत वाकून अंगणभर फिरली, केतिना वाकायची तशीच. एक फळ हुंगलं, नाक मुरडलं. दुसरं हुंगलं. तिसरं हुंगताना तिचा चेहरा बदलला. ती सरळ उभी राहिली आणि टोपली गावच्या मुखियापुढे उपडी केली.

"वन्सं," ती घराकडे तोंड करून म्हणाली, "तुम्ही हिरवी फळं कधीपासून काढायला लागलात? तीही झाडावर चढून?"

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या बायांनी एकेक फळ हातात घेऊन पाहिलं. त्यांतली एक म्हणाली, "इथं जन्मलेलं शेंबडं पोरही माझांज्याचं झाड हलवत नाही."

मुखियानं विचारलं, "झाकेयो, ही टोपली कुणी भरली?"

चोराच्या मनात चांदणं. तो उत्तर द्यायच्या ऐवजी प्रिस्कावर धावला आणि तिच्या तोंडावर ठोसा मारला. तिच्या दाताचा तुकडा मातीत पडला. सोंग घेतलेल्या भावजयीवर हात टाकलेला त्या डोंगरात कुणी पाहिला नव्हता. मग माणसं त्याच्यावर तुटून पडली. काठ्या, लाथा, चुलीतली लाकडं. योरामूनं मला पकडून मांस मातीत ओतलं आणि भाजल्या हातांनी झाकेयोच्या डोक्यावर उचललं. मला पडायचं होतं. खोटं कशाला बोलू? माझ्या सगळ्या वजनानिशी त्याच्या कवटीवर पडायचं होतं.

"खाली ठेव," मुखिया म्हणाला. "बहिणीच्या अन्नाच्या हंडीनं रक्त सांडू नको."

माझ्याच झाकणानं ते आधीच सांडलंय, हे त्या बिचाऱ्याला अजून माहीत नव्हतं. योरामूनं मला ठेवलं. तोंडातून रक्त गाळत झाकेयोनं स्वतःच खड्ड्याकडे बोट दाखवलं. पोलिसांनी दोर सोडून झाकण वर काढलं. आता ते सरकारी कपाटात चिठ्ठी बांधून ठेवलंय.

मी प्रिस्काच्या घरी आहे, रीतीप्रमाणे. वाळू आणि राखेनं तिनं मला इतकं घासलं की माझं अंग दुखलं. दर शुक्रवारी ती माझ्यावर पत्रा ठेवून पाव करते, तो खालून करपतो आणि वरून कच्चा राहतो. गावात तिचं नाव झालंय. फुटक्या दातानं ती हसते, तेव्हा लोक म्हणतात, बाई असावी तर अशी.

परवा पीठ मळता मळता ती एकटीच बोलली. "वन्सं, गेल्या हंगामात तुम्ही सुजलेला डोळा घेऊन आला होतात. मला विचारायची गरजच नव्हती, मला कळलं होतं. मीच तुम्हाला जेवू घालून परतीच्या बसमध्ये बसवलं. म्हटलं, संसारात असं चालायचंच."

मी तिला माफ केलेलं नाही. ती माझ्यात शिजवते, मी शिजवून देते, तेवढाच आमचा व्यवहार.

तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. एखादी बाई भाजलं म्हणेल, दार लागलं म्हणेल, पाय घसरला म्हणेल, तेव्हा मीठ घेऊन घरी जाऊ नका. तिच्याजवळ बसा आणि तिलाच विचारा. प्रिस्कानं सगळ्या गावासमोर, जिवावर उदार होऊन विचारलं. पण तेव्हा उत्तर द्यायला केतिना उरली नव्हती.