चौथ्या थरातला हिरवा मणी

मित्रांनो, क्षणभर असं समजा, की तुम्ही एका चौकोनी खड्ड्याच्या तळाशी गुडघे टेकून बसला आहात. भिंती सरळ कापलेल्या आहेत आणि त्यांत मातीचे थर एकावर एक दिसत आहेत. तुमच्या मुठीत एक लाकडी दांडा आहे. त्याच्या टोकाला जी आहे, ती मी. मी एक जुनी थापी आहे.

लोहाराने मला गवंड्यासाठी घडवलं होतं. पण मला विकत घेतलं जुन्या वस्त्यांच्या खोदकामावरच्या मुकादमांनी, आणि भिंती बांधायच्या सोडून मी जमिनीत गाडलेल्या भिंती शोधू लागले. बावीस वर्षं माती खरवडून मी निम्मी झिजले. “हिला पुस्तकांपेक्षा जास्त कळतं,” असं मुकादम चारचौघांत सांगायचे. पुढे त्यांचे गुडघे थकले आणि ते खड्ड्याच्या काठावरून देखरेख करू लागले. मग वर्षभर मी खिळ्यांच्या डब्यात गंजत पडले. कोणी विचारलं नाही. तिथेच माझा स्वभाव संशयी झाला.

एके सकाळी मुकादमांनी मला घासूनपुसून एका पोरीच्या हाती दिलं. ती मानववंशशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच आली होती. पहिलीच नोकरी, तीही एका महिन्याच्या बोलीवर. हात बसला तर राहायचं, नाहीतर घरी.

मला तिची लगेच शंका आली. नखं स्वच्छ आणि तोंड अखंड चालू. माणसांचा अभ्यास केलेली, त्यामुळे खड्ड्यातल्या प्रत्येकाला विचारायची, तुमच्याकडे आत्याला काय हाक मारतात, भावाभावांत भांडण झालं तर कोण मिटवतं. लोकांनी तिचं नावच ‘चौकशी’ ठेवलं. एवढी विचारपूस कशाला, असं मला वाटे. त्यात रोज काम संपलं की ती इकडेतिकडे बघून काहीतरी हळूच खिशात टाकायची. ही चोर आहे, असं मी ठरवून टाकलं.

तिसऱ्या आठवड्यात चौथ्या थरात तिला काचेचा हिरवा मणी सापडला. तो थर फार जुना. त्या काळच्या लोकांकडे काच असल्याची इथे एकही खूण मिळालेली नव्हती. बातमी सगळ्या खड्ड्यांतून फिरली. खोदकामाच्या प्रमुख बाई आल्या. त्यांनी आधी मणी पाहिला, मग पोरीच्या फुगलेल्या खिशाकडे पाहिलं. म्हणजे संशय घेणारी मी एकटी नव्हते.

“खिशात काय आहे?” त्यांनी विचारलं.

पोरीचा चेहरा उतरला. खिशातून चार पुड्या निघाल्या. चारांतही नुसती माती, प्रत्येक थराची एकेक चिमूट. डोळ्यांना सगळे थर सारखेच दिसतात, म्हणून खोलीवर जाऊन डोळे मिटून ते बोटांनी ओळखायला शिकते, असं तिने सांगितलं.

मुकादम म्हणाले, “अख्ख्या जगाला विचारतेस, मग मलाही विचारायचंस की.”

“मग मला काहीच येत नाही हे तुम्हाला कळलं असतं, काका.”

मी खजील झाले. तरी मण्याबद्दलचा माझा संशय गेला नाही. कारण आदल्या दिवशी त्याच जागी माझं टोक कापसात शिरावं तसं आत गेलं होतं. तिथे उंदराचं जुनं बीळ होतं. अशा बिळातून वरच्या थरातली वस्तू खाली घसरते. ती मऊ माती दांड्यातून तिच्या हाताला लागलीच असणार, पण तेव्हा ती शेजारच्याच्या आत्याबाईंमध्ये गुंतली होती.

“जागा पुन्हा तपास,” बाई म्हणाल्या. “मणी चौथ्याच थरातला आहे असं खात्रीने सांगितलंस, तर मी तसं लिहीन.” एवढं बोलून त्या दुसऱ्या खड्ड्याकडे गेल्या.

पोरीने पाणी शिंपडलं आणि मला हलकेच फिरवलं. हळूहळू वाटीएवढं काळपट वर्तुळ उमटलं. तिचा हात थांबला. दांडा घामाने ओला झाला.

ते वर्तुळ फक्त आम्हा दोघींना दिसत होतं. मला खोलवर दोनदा फिरवलं असतं, तर त्याचा मागमूस राहिला नसता. मग मण्याचं कौतुक झालं असतं आणि नोकरीही पक्की. सांगितलं असतं, तर तिला बीळसुद्धा कळलं नाही हे उघड झालं असतं. ही खूण पुसणार, याची मला खात्री होती. बावीस वर्षांत मी चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांना तसं करताना पाहिलं आहे.

तिने मला बाजूला ठेवलं.

“काका, बाईंना बोलवा. इथे बीळ आहे. काल हाताला मऊ लागलं होतं. मी बोलत बसले.”

बाई आल्या, वाकल्या आणि त्यांनी वर्तुळातली माती बोटाने दाबून पाहिली.

“हे बीळ शेवटपर्यंत तूच काढायचंस,” त्या म्हणाल्या. “महिना पुरणार नाही, तेव्हा पुढेही राहा. आणि आत्याबाईंची चौकशी जेवणाच्या सुट्टीत.”

मित्रांनो, हत्यार वापरून झालं की पुसून ठेवत जा. गंज चढला की समोरचं नीट कळेनासं होतं. हे मी स्वतःबद्दलच सांगते आहे.

सगळे गेले तरी पोरगी उठली नाही. मण्याच्या पिशवीवरच्या चिठ्ठीत तिने ‘थर चौथा’ असं लिहिलेलं होतं. ते तिने गिरवून काळं केलं नाही की चिठ्ठी फाडली नाही. त्यावर एकच बारीक रेघ मारली, खालची चूक कुणालाही वाचता येईल अशी. शेजारी ‘उंदराचं बीळ’ असं लिहिलं आणि खाली आपली सही केली.