दुसरी किल्ली

ओट्यावरचं झाकण खणकन पडलं आणि तिच्या काळजात धस्स झालं. नवरा घर सोडून गेल्यापासून हे असंच. त्यात परवा गाडीत बसली, तर सीट मागे सरकलेली. एवढे लांब पाय त्याचेच. जुन्या गाडीची दुसरी किल्ली अजून त्याच्याकडेच होती. परवा नुसता बसून गेला, उद्या लेकीला गाडीत घालून घेऊन गेला तर?

म्हणून तिनं गाडीला अलार्म बसवायला वायरमनला बोलावलं. गाडीच्या दाराचं पॅनेल काढून तो वायरी ओढत होता.

"ताई, गाडी माझ्याहून म्हातारी दिसतेय. पण आता रिमोटशिवाय कुणी उघडली, की गल्ली डोक्यावर घेईल."

"आणि किल्लीनं उघडली तर?"

"दार उघडेल, कुलूप तेच आहे ना. पण बोंब ठोकणारच."

"ठोकू दे."

त्यानं तिची किल्ली घालून फिरवून दाखवली. भोंगा असा कडाडला, की समोरच्या खिडक्या उघडल्या. त्यानं रिमोट दाबला, तसा भोंगा थांबला.

पायरीवर बसलेल्या लेकीनं कानांवरचे हात काढले. "आई, बाबा मला न्यायला आले, तरी गाडी अशीच ओरडणार?"