हळू ओढ

वर्नेल डोक्याची फार हळवी होती. कंगवा केसांना लागायच्या आधीच तिची बोंब सुरू व्हायची. आता एकोणिसावं लागलं होतं, शिक्षिका व्हायला कॉलेजात जात होती, तरी शनिवारी सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर आईच्या दोन गुडघ्यांमध्ये बसली की रड तीच.

"आई, हळू ओढ ना. माझं डोकं आहे ते, शेतातलं तण नाही."

"हलतेस म्हणून ओढलं जातं."

"ओढतेस म्हणून हलते."

"आणि म्हणे त्या काउंटरवर जाऊन बसणार," लुवेनिया म्हणाली. "तिथली माणसं तेल लावून हलक्या हाताने विंचरणार असतील, नाही का?"

या एका विषयावर मायलेकींचं महिनाभर पटत नव्हतं.

विषय तसा एक कप कॉफीचा. अलाबामातल्या हॅलोवे गावात कोर्टाच्या रस्त्यावर एक मोठं दुकान होतं. तिथे काळ्या माणसाला सुई-दोऱ्यापासून शाळेच्या वह्यांपर्यंत काय हवं ते मिळायचं, त्याचे पैसे गल्ल्यात गोड लागायचे. फक्त आतल्या खाण्याच्या काउंटरपाशी स्टुलावर बसायचं नाही. भूक लागली तर मागच्या दाराशी उभं राहायचं, कागदी पिशवी घ्यायची आणि चालू लागायचं. येत्या सोमवारी चर्चमधली तरुण पोरं तिथे जाऊन बसणार होती आणि कॉफी मागणार होती. दिली नाही तर बसून राहायचं. मारलं तरी बसून राहायचं, हात उगारायचा नाही. बेत एवढाच होता, आणि त्यात किती रक्त मावतं हे लुवेनियाला चांगलं ठाऊक होतं.

तिला हक्क नको होते असं कोणी समजू नये. थॅकरी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पन्नाशी उलटली तरी त्या घरातलं शेंबडं पोरसुद्धा तिला "ए पोरी" म्हणायचं. हे सगळं जळून जावं असं तिला रोज वाटे. पण त्या आगीत टाकायला तिच्यापाशी आता एकच लेकरू उरलं होतं.

दुसरं होतं, वेंडल. दोन उन्हाळ्यांमागे एका संध्याकाळी फार उकडत होतं. वर्नेल म्हणाली, "दादा, संत्र्याचा थंडगार सोडा आण ना." तो आणायला गेला. पेट्रोल पंपावर एका गोऱ्याने त्याला ढकललं, त्यानेही ढकललं. पोलीस घेऊन गेले. सकाळी निरोप आला की प्रेत घेऊन जा, जिन्यावरून पडला. हॅलोवेचं पोलीस ठाणं बैठं होतं, तिथे जिना नव्हताच. लुवेनियाने पोराला स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली आणि काय काय मोडलं होतं ते वर्नेलला कधी सांगितलं नाही. त्या दिवसांत वर्नेल तिच्या कुशीत शिरून विचारायची, "आई, माझ्यामुळे गेला का गं?" लुवेनिया तिचं तोंड हाताने झाकायची. "असं पुन्हा बोलायचं नाही." सोड्याची गोष्ट त्या दोघींच्या बाहेर कुणाच्या कानावर गेली नव्हती.

त्या शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात तालीम होती. शहरातून थेरन नावाचा एक मुलगा शिकवायला आला होता. हडकुळा, चष्मेवाला, आणि कुठल्याशा गावात असाच मार खाऊन जबडा जरा वाकडा झालेला. रीत अशी की आपल्यातल्याच काहींनी गोरे व्हायचं आणि बाकीच्यांनी काउंटरवर बसायचं. शिव्या, धक्के, अंगावर पाणी, सगळं करून बघायचं. जो चिडला, ज्याने हात उचलला, तो सोमवारच्या यादीतून बाद. त्याने मागे राहून टेलिफोन सांभाळायचा नाहीतर सँडविच बांधायची.

लुवेनियाच्या मनाने ते शेवटचं तेवढंच धरलं. जी कंगव्याला बोंबलते ती तिथे काय टिकणार? कोणी खरंच अंगाला हात लावला तर उसळेल. बाद होईल. सँडविच बांधेल आणि जिवंत राहील.

इस्त्रीची लांब फळी काउंटर म्हणून मांडली होती. तिच्यामागे खुर्च्यांची रांग.

"दाराजवळची ही पहिली खुर्ची," थेरन सांगत होता. "गर्दी आत शिरली की पहिला तडाखा हिच्यावर. इथे बसणारा हलला की मागचे सगळे हलतात. म्हणून इथे सगळ्यात घट्ट माणूस लागतो. आणि नम्रपणा सोडायचा नाही. समोर बघायचं, हात फळीवर, आणि कॉफी मागायची."

"आणि जबडा वाकडा झाला तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"तर माझ्यासारखं देखणं दिसायचं," थेरन म्हणाला.

सगळे हसले. हसण्यातच तालीम चालली होती. चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनचा थोरला मुलगा गोरा झाला होता. तो वर्नेलच्या कानाशी जाऊन ओरडला, "ऊठ गं काळतोंडे," आणि लगेच म्हणाला, "सॉरी हं, वर्नेल." ती खुदकन हसली. पुन्हा सगळं तळघर हसलं.

थेरन हसला नाही. "सोमवारी कोणी सॉरी म्हणणार नाहीये," तो म्हणाला. "असं चाललं तर मी तुम्हाला मरायला पाठवतोय. मोठ्यांपैकी कोणी येईल का?"

"मी होते गोरी," लुवेनिया म्हणाली.

चर्चच्या स्वयंपाकाची मिस ओझेला कोपऱ्यात बटाटे सोलत होती. "थांब, तोंडाला पीठ लावून देते," ती म्हणाली. "नाहीतर कळायचं कसं?"

"मिस लुवेनिया, तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी मागे उभ्या राहा," थेरन म्हणाला. "स्वतःच्या मुलीच्या—"

"मुलीच्याच मागे राहीन."

थेरनने वर्नेलकडे पाहिलं. वर्नेल मागे न वळता म्हणाली, "येऊ दे तिला. तिला वाटतं मी टिकणार नाही."

लुवेनिया तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. थॅकरींच्या घरात कोणी कधी ओरडत नसे, तिथे फक्त आवाज खाली यायचा.

"पोरी, रस्ता चुकलीस का?" ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता. कोपऱ्यातली सुरी थांबली. "तुला बसायला कोणी सांगितलं? तुमच्या अंगाचा वास जात नाही गं फळीवरून. पुसून पुसून माणसं थकतात."

वर्नेल समोर बघत होती. लुवेनियाने थेरनच्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश तिच्या डोक्यावर ओतला. मग खुर्चीला लाथ मारली. खुर्ची सरकली, वर्नेल सावरून पुन्हा बसली. मग लुवेनियाने सकाळीच घातलेली वेणी मुठीत धरली आणि मागे हिसडली.

आता ओरडेल, असं तिला अगदी खात्रीने वाटलं होतं. वर्नेलची मान मागे आली, डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून हूं की चूं नाही. लुवेनियाने मूठ सोडली तशी मान पुन्हा सरळ झाली.

लुवेनियाला धडकी भरली. ही तिला माहीत असलेली मुलगी नव्हती. कधी शिकली ही हे? तिने एक थोबाडीत दिली, खरीखुरी, आवाज झाला अशी. वर्नेलचे हात फळीवर होते तिथेच राहिले. लुवेनियाच्या डोळ्यांपुढे त्या बैठ्या पोलीस ठाण्याचा दरवाजा आला, चादर आली, आणि त्या चादरीखाली यावेळी कोण असेल तेही दिसलं. तिच्या हातात आता एकच गोष्ट उरली होती. ती वापरू नये हे तिला त्या क्षणीही कळत होतं.

ती खाली वाकली. "तुझा भाऊ कुठे असतो गं हल्ली?"

वर्नेलच्या मानेची शीर ताठ झाली.

"तुला थंड प्यायचं होतं ना त्या दिवशी? संत्र्याचं. मिळालं का? तू जरा तहान आवरली असतीस तर तो आज घरात जेवायला असता. तू मारलंस त्याला. बाकीच्यांनी फक्त हात लावले."

"पुरे," थेरन म्हणाला. "मिस लुवेनिया, पुरे झालं."

वर्नेलची बोटं फळीवर पांढुरकी पडली होती. ती आता उठेल, वळेल, आईच्या तोंडावर हात मारेल, अशी लुवेनिया मनात अक्षरशः प्रार्थना करत होती. मार मला, मार, आणि सुटून जा. वर्नेलने ओठ ओले केले.

"एक कप कॉफी द्या, प्लीज," ती समोर बघून म्हणाली.

थेरनने चष्मा काढून शर्टाला पुसला. बराच वेळ पुसत राहिला. "मी पुष्कळ गावांत ही तालीम घेतली," तो शेवटी म्हणाला. "असं बसलेलं कोणाला पाहिलं नव्हतं. सोमवारी पहिल्या स्टुलावर वर्नेल."

लुवेनियाला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिने त्याची बाही धरली. "नको. तिला घेऊ नकोस, बाळा. मी मुद्दाम केलं. ती बाद व्हावी म्हणून केलं. सगळ्यांसमोर सांगते."

"मला कळलं होतं," थेरन म्हणाला. त्याचा आवाज खूप मऊ होता आणि म्हणून तिला त्याचा राग आला. "पण ती बाद झाली नाही, मिस लुवेनिया. आता नाही म्हणायचं तर तिने म्हणायला हवं."

"मी जाणार," वर्नेल म्हणाली. तिच्या केसांतलं पाणी अजून फळीवर ठिबकत होतं. मिस ओझेलाने टॉवेल पुढे केला. लुवेनियाच्या हातात तो द्यायचं मात्र तिने टाळलं.

घरी जाताना वस्तीचा तो लाल मातीचा रस्ता दोघी शेजारी शेजारी चालल्या. वाटेत कोणी कोणी ओसरीतून हाक मारली, वर्नेलने सगळ्यांना हात केला.

"ते मी गोरी होऊन बोलले," लुवेनिया म्हणाली. "ते माझं बोलणं नव्हतं. ते लोक काय काय बोलतील म्हणून—"

"गोऱ्यांना सोड्याचं माहीत नाही, आई."

एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर लुवेनियाने तो अंगावर घेतला असता, मुलीचा राग तिला नवा नव्हता.

रविवारी दोघी चर्चला गेल्या, एकाच पुस्तकातून गायल्या. दुपारी लुवेनियाने कोंबडी तळली, वर्नेलच्या आवडीची भेंडी केली. वर्नेल जेवली. "वाढू का?" म्हटलं तर "हो, थोडी," म्हणाली. ताटं धुतली. आजपर्यंत या घरात ताटं कोणी धुवायची यावरून रोज भांडण होत असे. लुवेनिया दारात उभी राहून ती नीट पुसून ठेवलेली ताटं बघत होती आणि तिला रडू येत होतं. भांड ना गं, असं मुलीला कसं सांगणार?

सोमवारी उजाडलं. कानात डूल नको, गळ्यात काही नको, केस घट्ट आणि मानेशी बांधलेले, कोणाच्या मुठीत सापडणार नाहीत असे, ही थेरनची सूचना होती. इतकी घट्ट वेणी स्वतःची स्वतःला घालता येत नाही. वर्नेल कंगवा आणि तेलाची डबी घेऊन पायरीवर आली आणि काही न बोलता आईच्या दोन गुडघ्यांमध्ये बसली.

तेवढ्यानेसुद्धा लुवेनियाला आशा वाटली. तिने केस सोडवले, टोकापासून सुरुवात केली, इतक्या हलक्या हाताने की कंगवा फिरतोय की नाही कळू नये. वर्नेल ताठ बसली होती. तळवे स्वतःच्या मांड्यांवर उपडे, हनुवटी वर, नजर समोरच्या कुंपणावर. हे बसणं लुवेनियाने आधी पाहिलं होतं. शनिवारी, त्या इस्त्रीच्या फळीपुढे.

"माझ्याकडे बघ," ती म्हणाली.

वर्नेलने मान वळवली नाही.

कानामागे एक गुंता लागला. तिथे कंगवा लागला की शेजारच्या घरापर्यंत ऐकू जायचं. लुवेनियाचा हात थबकला. मग तिने गुंता ओढला, जरासा.

काही नाही.

तिने पुन्हा ओढला, या खेपेला जोरात. वर्नेलची मान मागे आली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली. तळवे मांड्यांवर होते तसेच राहिले.

"म्हण ना गं," लुवेनिया म्हणाली. "एकदा म्हण. हळू ओढ म्हण."

कुंपणापलीकडे गाडी येऊन थांबली. थेरनने हॉर्न वाजवला नाही, नुसता बसून राहिला. लुवेनियाने वेणी घातली, घालावीच लागली, जमेल तितकी घट्ट, शेवटचं टोकसुद्धा आत खोचून. सैल वाटली म्हणून दोनदा सोडून पुन्हा घातली. दोन्ही वेळा तिच्या मांडीला टेकलेले ते खांदे तसूभर हलले नाहीत.

"झालं असेल तर जाते," वर्नेल म्हणाली आणि उठली.